मुलगी सोळा महिन्यांची, घर अकराव्या मजल्यावर, आणि "आनंद घ्यायचा म्हणजे नक्की करायचं काय?"

तुम्ही लिहिलंय ते आधी थोडक्यात मांडते, म्हणजे माझं काही चुकत असेल तर सांगता येईल. मुलगी १६ महिन्यांची. माहेर जळगावकडे, सासर साताऱ्याला, तुम्ही दोघं वाकडला अकराव्या मजल्यावर. बाळंतपणानंतर नोकरी सोडली. नवरा सकाळी साडेआठला बाहेर पडतो, यायला रात्रीचे साडेआठ होतात. लेकीवर जीव आहे, पण रात्री अंथरुणाला पाठ टेकली की आज काय छान झालं ते आठवत नाही. जो भेटेल तो म्हणतो, "एन्जॉय कर गं, हे दिवस परत येत नाहीत," आणि ते ऐकून जास्तच अपराधी वाटतं. म्हणून तुम्ही विचारलंय की आईपणाचा आनंद घ्यायचा म्हणजे नक्की करायचं काय. जाता जाता हेही विचारलंय की नोकरीला परत गेलं तर जे थोडंफार आहे तेही हुकेल का.

मी डॉक्टर नाही की समुपदेशक नाही. डोंबिवलीत बरीच वर्षं पाळणाघर चालवते. मुलं मला मावशी म्हणतात, त्यांच्या आया ताई म्हणतात, आणि आता काही आया अशा आहेत ज्या स्वतः लहानपणी माझ्याकडे दुपारच्या झोपल्या आहेत. म्हणजे जे सांगते ते पाहिलेलं आहे.

आधी एक गोष्ट बाजूला काढू. मुलगी झोपलेली असतानाही तुम्हाला झोप लागत नाही, जेवण जात नाही, तिला जवळ घ्यावंसंच वाटत नाही, किंवा आपण नसलो तरी चालेल असं मनात येतं, आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललंय, असं असेल तर माझं पुढचं काही वाचू नका. डॉक्टरांकडे जा. लगेच बोलायचं असेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे. सरकारी आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. बाळंतपण होऊन वर्ष उलटलं म्हणून हे होत नाही असं नसतं. तसं काही नसेल तरी एकदा हिमोग्लोबिन आणि थायरॉईड तपासून घ्या. "ताई, हल्ली कशातच मन लागत नाही," म्हणणाऱ्या कितीतरी जणींचं दुखणं शेवटी रक्ताच्या रिपोर्टात सापडलेलं मी पाहिलंय.

आता तुमच्या प्रश्नाकडे. तुमच्या दिवसात छान काही घडतच नाही, हे मला पटत नाही. १६ महिन्यांचं मूल घरात आहे म्हणजे दर अर्ध्या तासाला काहीतरी घडतंच. माझ्याकडे रोज संध्याकाळी काय होतं ते सांगते. सहा ते सात ही मुलं न्यायची वेळ, आणि चपलांचं कपाट दाराबाहेर. एक आई खाली बसून लेकाच्या सँडलचं वेल्क्रो लावत असते, तो पाय मागे ओढतो, ती परत लावते. शेजारी दुसरी आई उभी. पहिली म्हणते, "अगं, काल याने काय केलं माहितीये? आजोबांची कवळी उचलून पावडरच्या डब्यात टाकली. आम्ही रात्री अकरापर्यंत शोधतोय." दुसरी हसून हसून भिंतीला टेकते, मग तिला तिच्या लेकीने डाळीच्या डब्यात लपवलेल्या किल्ल्या आठवतात. तिसरी येते. पाच मिनिटांचं काम वीस मिनिटं चालतं, मुलं एकमेकांच्या चपला घालून मोकळी होतात.

आदल्या रात्री अकरा वाजता त्या घरात कोणी हसत नव्हतं, हे मी पैजेवर सांगते. आजोबा चिडलेले, सासू "लक्ष कुठे असतं" म्हणत असणार, आणि ही बाई पलंगाखाली बॅटरी मारत असणार. तो निव्वळ वैताग होता. त्याची गंमत झाली दुसऱ्या दिवशी, चपलांपाशी, कोणालातरी सांगताना.

तुमच्याकडे नेमकं हे चपलांपाशी उभं राहणं नाही. दिवसभर घडतं सगळं, पण सांगायला माणूस नाही. रात्री साडेआठला नवरा येतो तेव्हा तो दमलेला आणि तुम्हीही, मग बोलणं होतं ते डायपर संपले, लसीची तारीख जवळ आली, सिलेंडर नोंदवायचाय, एवढंच. त्यामुळे कवळी कायम वैतागाच्या खात्यात राहते. "एन्जॉय कर" म्हणणाऱ्यांना वाटतं की आनंद हा आई आणि बाळ एवढ्या दोघांतच असतो आणि तुम्हाला तो घेता येत नाही. माझा अनुभव वेगळा आहे. बारा तास दोघीच बंद घरात असल्या तर कुठल्याही आईला जड जातं, मूल कितीही गोड असो. पूर्वी वाड्यात, चाळीत हे जमायचं, कारण तिथे दार उघडं असायचं. त्या काळाचे गोडवे मी गाणार नाही. उघड्या दारातून काकू येत तशा चौकशाही येत. पण बाळाला न्हाऊ घालताना तिसरं माणूस समोर असे, हे खरं.

म्हणून माझा सल्ला असा की स्वतःसाठी वेळ काढा, छंद जोपासा, पार्लरला जा वगैरे यादी तूर्त बाजूला ठेवा. ते वाईट नाही, पण त्यासाठी मुलीला कोणाकडे तरी सोपवावं लागतं आणि तीच तर तुमची अडचण आहे. जे काम रोज करताच, त्यातलं एखादं चार माणसांत नेऊन करा.

कसं, ते सांगते. सोसायटीच्या बागेत किंवा खालच्या कट्ट्यावर रोज एका ठरलेल्या वेळी जा. समजा साडेपाच. वेळ आणि जागा बदलू नका, कारण माणसं जमतात ती वेळेमुळे. जाताना हातात काम न्या: मेथीची जुडी, कोथिंबीर, घेवड्याच्या शेंगा, लेकीच्या फ्रॉकची तुटलेली बटणं. रिकाम्या हाताने बाकावर बसलेल्या बाईशी बोलायला लोक बिचकतात, आणि आपणही मोबाईल काढतो. मेथी निवडणाऱ्या बाईला कोणीही विचारतं, "कशी दिली जुडी?" बोलणं सुरू व्हायला एवढं पुरतं. आठवडाभर कोणी आलं नाही तरी चालेल. लेकीला मेथीच्या काड्या द्या, ती तोडत बसेल. मात्र मटार सोलायला नेलेत तर रिकामी सालं तिला आणि दाणे तुमच्या मांडीवर. या वयात दाणा सरळ नाकात जातो. शेंगदाणे, फुटाणे तर चार-पाच वर्षांची होईपर्यंत हातातच नकोत.

लोकांना घरी बोलावून सुरुवात करू नका. घरी बोलावलं की घर आवरणं आलं, पोहे आले, आणि तुम्ही आणखी दमणार. लहान मुलांच्या शिक्षणासाठी झटलेल्या ताराबाई मोडकांचं एक मला नेहमी आठवतं. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला काम सुरू केलं, तेव्हा गरीब वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, म्हणून त्या आणि अनुताई वाघ बालवाडीच वस्तीतल्या अंगणात घेऊन गेल्या. अंगणवाडीची कल्पना तिथली. आयांच्या बाबतीतही मी हेच सांगते: बायका आधीच जिथे जातात तिथे आपण जाऊन बसावं.

तुम्ही लिहिलंय, "सोसायटीतल्या बायकांचा ग्रुप आहे पण सगळ्या पन्नाशीच्या पुढच्या, आपलं काय जमणार?" हे मला तुमच्या अख्ख्या मजकुरात सगळ्यात आशादायक वाटलं. तुमच्या वयाच्या आया तुमच्याइतक्याच दमलेल्या असतात, आणि त्यांचं मूल तुमच्या मुलीच्या आधी बोलायला लागलं की दोघींच्या पोटात गोळा येतो. साठीच्या बाईला असली शर्यत नसते. तिचं मूल परदेशात किंवा दुसऱ्या शहरात असतं, नातवंडं व्हिडिओवर दिसतात, आणि १६ महिन्यांची मुलगी समोरून लुटुलुटु आली की तिचा दिवस बरा जातो. ओळख करून घ्यायचा सोपा मार्ग म्हणजे काहीतरी मागणं. डबा भरून शिरा नेऊन दिलात तर त्यांना परतफेडीचं ओझं. त्यापेक्षा वाटीभर विरजण मागा, "कैरीच्या लोणच्याला मोहरी किती घालता?" विचारा. माणसाला कोणी काही विचारलं की बरं वाटतं. हो, सल्लेही येतील, न मागता येतील. "टोपडं घाल", "अजून वरचं दूध देत नाहीस?" त्यावर "हो काकू, बघते" एवढं बोलून विषय बदलायचा. वाद घालत बसलात तर विरजणही जाईल.

भिशीचं विचारलंत म्हणून सांगते. दहा-बारा जणी दरमहा सारखी रक्कम घालतात, चिठ्ठी निघेल तिला सगळी मिळते, हिशोब साधा आहे. पण हल्ली बऱ्याच ठिकाणी भिशी म्हणजे दुपारी हॉटेलात जेवण, आणि दुपार ही तुमच्या लेकीच्या झोपेची वेळ. एका पगारात घर चालवताना दर महिन्याचा तो खर्चही जाणवतो. पैसे आणि वेळ दोन्ही सोसत असेल तर जा, नसेल तर वर्षभर थांबा. मैत्री भिशीवाचून होते.

इथपर्यंतचं एका ओळीत: ठरलेली वेळ, हातात काम, आणि मागायची लाज नको.

आता सणांचं. याबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण आमच्या भागात नव्याने आलेल्या आया माणसांत मिसळलेल्या मी पाहिल्या त्या बहुतेक सणाच्या निमित्तानेच. माझा सगळ्यात आवडता भोंडला. घटस्थापनेपासूनच्या दिवसांत कुठल्याही संध्याकाळी करता येतो. मध्ये पाट, पाटावर हत्तीचं चित्र, आणि भोवती फेर. स्टेज नाही, माइक नाही, वर्गणी नाही. गाणी कोणालाच पूर्ण येत नाहीत, एकीचं कडवं विसरलं की दुसरी उचलते, आणि ज्यांना मुळीच येत नाहीत त्या तमिळ, तेलुगू, हिंदी बोलणाऱ्या शेजारणी फेरात चालतात. तुमच्या वाकडला तर अशा कितीतरी असतील. त्यांनाही बोलवा. तमिळ घरात नवरात्रात बाहुल्यांचा कोलू मांडतात, तुम्हाला तिकडून बोलावणं येईल, आणि लेकीला पायऱ्यांवर मांडलेल्या बाहुल्या दिसतील. फक्त तिचा हात धरून ठेवा, नाहीतर पहिल्या पायरीवरचा एक देव घरी येईल. भोंडल्याची खरी मजा शेवटी, खिरापत ओळखण्यात. झाकलेला डबा हलवून "तिखट की गोड?" सुरू झालं की साठीच्या बायका सहा वर्षांच्या होतात. तुम्ही डब्यात काहीही न्या, अगदी भेळ न्या. ओळखायला अवघड असलं म्हणजे झालं. बाळं फेराच्या आत, हत्तीपाशी बसवायची. त्यांना इतके पाय एकदम गोल फिरताना बघायला फार आवडतं.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत बोरन्हाण करता येईल. लेक अजून पाच वर्षांच्या आतली आहे, म्हणजे तुमच्या हातात अजून संक्रांती आहेत. काळं झबलं, हलव्याचे दागिने, शेजारची पाच-सात मुलं, बस. डोक्यावरून ओतायच्या वस्तूंत बोरं, हरभरे, कडक गोळ्या घालतात त्या वगळा. खाली पडलेलं सगळं मुलं तोंडात घालतात आणि बी घशात अडकायला क्षण पुरतो. चुरमुरे आणि झेंडूच्या पाकळ्या घाला, फोटोतही छान दिसतं. हलव्याचे दागिनेही फोटो झाला की उतरवून ठेवा.

हळदीकुंकू करणार असाल तर माझं एक मत ऐका, पटलं नाही तर सोडून द्या. आमंत्रण सगळ्यांना द्या. नवरा गेलेल्या, लग्न न केलेल्या, घटस्फोट झालेल्या, सगळ्यांना, आणि तिळगूळ, वाण सगळ्यांना सारखं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात सरकारने इतर ग्रामपंचायतींना तो कित्ता गिरवायला सांगितलं. एवढ्याशा गावाला जे जमलं ते लिफ्ट असलेल्या इमारतीत न जमायला काय झालं? शिवाय तुम्हाला विरजण देणाऱ्या साठीच्या काकूंपैकी निम्म्या कदाचित एकट्याच राहत असतील. त्यांना दाराबाहेर ठेवून तुम्ही कोणाबरोबर हळदीकुंकू करणार?

कॉलेजच्या मैत्रिणींबद्दल थोडक्यात. तिघींची सुट्टी जुळून दिवसभर भेटायचं, हे अजून चार-पाच वर्षं विसरा. ग्रुपवर गुलाबाची फुलं पाठवण्यापेक्षा एकीला निवडा आणि कपड्यांच्या घड्या घालताना तिला फोन लावा. दहा मिनिटं. ती ऑफिसात असेल तर आवाजी निरोप टाकून द्या, "आज हिने माझा चष्मा वरणात बुडवला" एवढाच. रात्री तिचं हसणं येईल. जळगावला आईलाही रोज रात्री असंच एक सांगा, पण अमुक शब्द बोलली, तमुक पावलं चालली असं प्रगतिपुस्तक नको. फजितीच सांगा. सासूबाई येतात तेव्हा त्यांना एक गोष्ट पूर्ण त्यांचीच देऊन टाका. तेल लावून आंघोळ, किंवा संध्याकाळची शुभंकरोती. तिथे तुम्ही नाक खुपसायचं नाही. आजीचं आणि नातीचं काय चालतं ते स्वयंपाकघरातून ऐकण्यात वेगळी मजा आहे.

नवऱ्याचंही असंच. "मदत करा" म्हटलं की तो विचारत राहतो, काय करू, कुठे ठेवू, किती घालू. सकाळी साडेआठपर्यंत तो घरी असतो ना, मग सकाळचं दूध, तोंड धुणं, नाश्ता हे सगळं त्याच्याकडे, आणि तेव्हा तुम्ही गॅलरीत चहा घेऊन बसा किंवा सरळ झोपा. त्याने फ्रॉक उलटा घातला तर घालू दे. त्याचा एक फायदा असा की संध्याकाळी सांगायला त्याच्याकडेही काहीतरी असतं, आणि डायपर-सिलेंडरच्या पुढे बोलणं जातं. शिफ्ट बदलती असेल किंवा तो घरून काम करत असेल तर हे वेगळं बसवावं लागेल, ते तुम्हालाच ठाऊक.

रात्री काही आठवत नाही, यावर एक साधा उपाय. भिंतीवरच्या कालनिर्णयात दुधाचा खाडा लिहिता त्या चौकोनात, खाडा असो वा नसो, चार शब्द लिहा. "चष्मा वरणात." "लिफ्टमधल्या आजोबांना टाटा." "मेथी खाल्ली, थुंकली." चौकोन लहान असतो म्हणूनच हे टिकतं. वहीत लिहायला घेतलंत तर आठ दिवसांत बंद पडेल. आमच्याकडची एक आई दरवर्षी जुनं कालनिर्णय रद्दीत न देता गुंडाळून ठेवते, तिच्या मुलाची आता दहावी आहे.

राहिली नोकरी. परत गेलात तर हे दिवस हुकतील का? काही तास हुकतील, हे खरं आहे. पहिलं पाऊल कदाचित माझ्यासारख्या एखाद्या मावशीला आधी दिसेल. (आम्ही ते सांगत नाही. संध्याकाळी आई "मावशी, आज ही चालली!" म्हणते, आणि आम्ही "काय सांगता!" म्हणतो.) पण घरी राहणाऱ्या आईला जास्त आनंद मिळतो आणि नोकरीवालीला कमी, असं मला दारात उभं राहून कधी दिसलं नाही. पगाराची गरज, कामाची आवड, जायला-यायला लागणारा वेळ, यावरच ते ठरवा, अपराधीपणावर नको. नवी नोकरी शोधताना विचारून घ्या: मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय बंधनकारक झाली, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता येतं. प्रत्यक्षात सोय ऑफिसात आहे की दूरच्या एखाद्या केंद्राशी नुसता करार आहे, हे मुलाखतीतच विचारा.

खाजगी पाळणाघर बघायला गेलात तर सकाळी ठरवून जाऊ नका, दुपारी साडेतीन-चारला जा. मुलं झोपेतून उठत असतात, निम्मी रडत असतात, कोणाची चड्डी ओली असते. त्या अर्ध्या तासात तिथल्या मावशी कशा वागतात ते बघा. एका मावशीमागे किती मुलं, दूध कुठे तापवतात, दाराला आतून कडी किती उंचीवर आहे, हेही बघून घ्या. वाकडला कुठली ठिकाणं चांगली ते मला इथून सांगता येणार नाही. ते साडेपाचला कट्ट्यावर विचारा.